वायसरचा पहिला डोस

गुरुवारी सकाळी दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात वेल्डर खालून वाकून आत आला. धिप्पाड माणूस, त्यामुळे वाकताना त्याचा खांदा शटरला आपटला, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू होतं. टॉवेलातून फक्त एक कान बाहेर लोंबत होता.

"ताई, काल संध्याकाळपासून उलट्या करतोय. पाणीसुद्धा ठरत नाही. आणि मागून..." त्याने टॉवेल पुढे केला.

मावशींनी टॉवेल उघडण्याआधीच वास ओळखला. एकोणीस वर्षं त्या या दवाखान्यात नर्स होत्या. रक्ताच्या जुलाबाचा तो गोडसर, कुजका वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही.

"इथे बाकावर नको, सरळ मागच्या खोलीत चला," त्या म्हणाल्या. "कशाला हात लावू नका. मी दार उघडते."

हे पिल्लू त्यांच्या चांगलं लक्षात होतं. दहा दिवसांपूर्वी, सोमवारी, वेल्डर आणि त्याची बायको त्याला पहिल्यांदा घेऊन आले होते. लसीकरणाच्या पुस्तिकेवर नाव लिहायला मावशींनी पेन उचललं तेव्हा वेल्डर लाजत म्हणाला होता, "वायसर." मावशींनी मान वर केली, तसं त्याने समजावलं, "नट-बोल्टमधलं वायसर हो. झोपला की अगदी तसा दिसतो. गोल, आणि मधे भोक." त्याची बायको म्हणाली, "मी चांगली दहा नावं सुचवली होती. पण यांच्या डोक्यात लोखंडाशिवाय दुसरं काही शिरत नाही."

दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने डाग असलेला हा माणूस सुई बघितल्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. पिल्लू मात्र टेबलावर मावशींचं मनगट चावत मजेत होतं. वजन झालं, ताप बघून झाला, जंताचं औषध पाजून झालं. डॉक्टरांनी मानेमागची कातडी चिमटीत धरून डोस दिला, बाटलीवरचं स्टिकर पुस्तिकेत लागलं आणि मावशींनी नेहमीचं सांगितलं. तिन्ही डोस होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, बाहेरच्या कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही, कुणाचं उष्टं पाणी नाही. वेल्डरने ते सगळं मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड करून घेतलं होतं.

आता तेच पिल्लू मागच्या खोलीतल्या स्टीलच्या टेबलावर ओल्या फडक्यासारखं पडलं होतं.

डॉक्टर धावत खाली आल्या. त्या वरच्या मजल्यावरच राहायच्या. दवाखाना मुळात त्यांच्या सासऱ्यांचा. ते थकल्यावर गेल्या वर्षापासून सूनबाई बघत होत्या. वय जेमतेम तीस, हुशार, पण गावात अजून त्यांची ओळख 'मोठ्या डॉक्टरांची सून' एवढीच होती. त्यांनी हातमोजे चढवले, तपासणीची पट्टी घेतली आणि नमुन्याचे थेंब तिच्यावर टाकले. पट्टीवर आधी एक रेघ उमटली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तीन मिनिटांनी दुसरी रेघ उमटली, सुरुवातीला पुसट आणि मग ठळक.

"पार्व्हो," डॉक्टर म्हणाल्या. "आतड्यांचा आजार आहे. लहान पिल्लांना फार जोरात धरतो."

"पण डोस दिला होता ना मॅडम?"

"दिला होता. पण पहिल्या डोसने पूर्ण संरक्षण मिळतंच असं नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेल तर कधी कधी डोस लागू पडत नाही. म्हणूनच आपण तीन देतो." डॉक्टर बोलता बोलता पिल्लाच्या हिरड्या दाबून बघत होत्या. "हा बाहेर कुठे गेला होता का?"

वेल्डर टॉवेलाची घडी घालायला लागला.

"रागावत नाहीये मी. फक्त विचारतेय."

"ही सकाळी कामाला जाते. घरात एकटा रडायचा. म्हणून मी खोक्यात घालून वर्कशॉपमध्ये न्यायचो. खाली नाही सोडला मॅडम, शप्पथ. खोक्यातच ठेवायचो."

"तिथे भटकी कुत्री येतात?"

"येतात. दारातच असतात दोन-तीन." त्याने आपल्या बुटांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "माझ्या पायांनी आलं असेल? असं येतं?"

"येऊ शकतं."

"म्हणजे मीच मारलं याला."

"अजून तो जिवंत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मावशी, सलाइनची तयारी करा. आणि फ्रीजमधून उलटी थांबवायच्या इंजेक्शनची बाटली आणा."

औषधांचा फ्रीज बाजूच्या चिंचोळ्या खोलीत होता. मावशींनी बाटली घेतली, दार लावलं आणि सवयीने दारावरच्या छोट्या थर्मामीटरकडे बघितलं. पाच. बाजूला खिळ्याला रजिस्टर लटकत होतं. रोज सकाळी त्यात फ्रीजचं तापमान लिहायचं. पानभर त्यांच्याच अक्षरात पाच, पाच, पाच. एखादा चार.

त्या वळल्याही होत्या. पण तेवढ्यात काहीतरी टोचलं. दहा दिवसांपूर्वीचा सोमवार. त्या सकाळी शेजारचा दूधवाला दुकानासमोर मोठमोठे डबे गटारात रिकामे करत होता. "काल दिवसभर गल्लीत वीज नव्हती," तो म्हणाला होता. "सगळं नासलं." मावशी त्याला "अरेरे" म्हणाल्या होत्या, शटर वर केलं होतं, आत येऊन दिवा लावला होता आणि रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, पाच.

थर्मामीटरला एक बटण होतं. ते दाबलं की मधल्या काळात तापमान जास्तीत जास्त किती चढलं आणि कमीत कमी किती उतरलं ते दिसायचं. नियम असा, की रोज सकाळी बटण दाबून दोन्ही आकडे बघायचे, लिहायचे आणि मग तेच बटण तीन सेकंद दाबून जुनी नोंद पुसायची. मोठ्या डॉक्टरांनी हे हात धरून शिकवलं होतं. पण वर्षानुवर्षं आकडा हललाच नव्हता. मग कधीतरी मावशींनी बटण दाबणं सोडलं. समोर दिसेल ते लिहायचं. कधीपासून, ते त्यांना आठवलंही नसतं.

त्यांनी बटण दाबलं.

तेवीस.

लसी दोन ते आठच्या मधे ठेवायच्या असतात. रविवारी दवाखान्याला सुट्टी, फ्रीज दिवसभर बंद होता, सोमवारी पहाटे कधीतरी वीज आली आणि त्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत आकडा साळसूदपणे पाचावर येऊन बसला होता. वायसरला डोस दिला होता त्याच सोमवारी, याच फ्रीजमधला. त्यानंतरच्या प्रत्येक पिल्लालाही.

अंगठा अजून बटणावरच होता. तीन सेकंद. तीन सेकंद दाबून धरलं की तेवीस पुसला जाणार. रजिस्टरमध्ये पाच लिहिलेलं आहेच, पुस्तिकांत स्टिकरं आहेत. डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय की पहिला डोस कधी कधी लागू पडत नाही. कुणी विचारणार नाही. एकोणीस वर्षांत कुणी या खोलीत येऊन काही विचारलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक सेकंद झाला असेल.

भिंतीपलीकडून वेल्डरचा आवाज आला. तो पिल्लाशी बोलत होता. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "चुकलं रे राजा. चुकलं माझं. घरीच ठेवायला पाहिजे होतं तुला."

मावशींनी अंगठा झटकन मागे घेतला, तव्याला लागल्यासारखा. आकडा तसाच राहिला.

पण सांगायचं तरी कधी? डॉक्टर शीर शोधत होत्या. पिल्लाच्या अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की पायातली शीर दोऱ्याएवढीही दिसत नव्हती. मावशींना पाय धरून अंगठ्याने वर दाब द्यायचा होता. हे काम त्यांनी हजारदा केलं असेल.

"मावशी, लक्ष कुठे आहे तुमचं? दाब सुटतोय."

"हो. सॉरी."

पहिली सुई फुकट गेली. दुसऱ्यांदा रक्ताचा थेंब दिसला आणि शीर फुटली. वेल्डर भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याची पाठ वरखाली होत होती. डॉक्टरांनी दुसरा पाय घेतला. "आता नाही लागली तर हाडातून द्यावं लागेल. मावशी, अजिबात हलू नका." मावशींनी ओठ दाताखाली धरला आणि श्वास रोखला. सुई आत गेली. सलाइन थेंब थेंब उतरायला लागलं. बाहेर बाकांवर दोन मांजरवाले आणि एक पोपटवाला येऊन बसले होते. मावशींनी वीस मिनिटं चिकटपट्ट्या लावल्या, पिंजऱ्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, ब्लीचने फरशी पुसली, आणि तेवढा वेळ तेवीस हा आकडा त्यांच्या डोक्यात हातोड्यासारखा आपटत राहिला.

मग त्यांनी डॉक्टरांना चिंचोळ्या खोलीत बोलावलं आणि काही न बोलता बटण दाबून दाखवलं.

डॉक्टरांनी आकडा वाचला. रजिस्टर काढलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"हे सगळे पाच तुम्ही न बघता लिहिलेत?"

"समोर जे दिसायचं ते लिहायचे. बटण दाबत नव्हते."

"कधीपासून?"

"आठवत नाही. खूप दिवस झाले."

डॉक्टर स्टुलावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर मावशींना बरं वाटलं असतं. त्यांनी रजिस्टरमधल्या आपल्या सह्यांवरून बोट फिरवलं. "मी सही करते रोज याच्यावर," त्या शेवटी म्हणाल्या. "मीही कधी दाबून बघितलं नाही. वीज गेली तेव्हा मी वर घरातच होते. संध्याकाळी मेणबत्ती शोधत होते. फ्रीज माझ्या डोक्यातच आला नाही."

"तुम्ही कशाला स्वतःला—"

"थांबा." त्यांनी फोन काढून थर्मामीटरचा फोटो घेतला आणि लस बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. बोलणं थोडक्यातच झालं. बाटल्या फेकून द्या, त्या काळात दिलेले डोस धरू नका, पहिल्या डोसनंतर दोन आठवडे झाले की पुन्हा द्या. फोन ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "लस पूर्ण मेली असेल असं नाही, म्हणतो. अर्धी असेल. पण खात्री देता येत नाही."

"म्हणजे चांगली लस असती तरी याला झालं असतं?"

"झालंही असतं. नसतंही. हे आपल्याला कधीच कळणार नाही, मावशी." मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "बाकीच्यांना बोलावून पुन्हा डोस देऊ. चांगल्या कंपनीचा नवा माल आलाय, असं सांगता येईल. याला सांगून काय साधणार? आधीच खचलाय तो. वर त्याचा आपल्यावरचा विश्वासही उडेल, आणि आत्ता पिल्लू आपल्याच हातात आहे."

मावशींना कळत होतं की ही पोर घाबरली आहे. मोठ्या डॉक्टरांची पुण्याई आणि हिचं एक वर्ष. गावात बातमी फिरायला अर्धा दिवस पुरतो.

"तो बाहेर बसून स्वतःला खुनी म्हणतोय," मावशी म्हणाल्या. "आणि मी भिंतीआड उभी राहून ऐकतेय. मला नाही जमायचं, डॉक्टर. तुम्ही नका येऊ. मी सांगते. रजिस्टर माझं आहे."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले. "दवाखाना माझा आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दोघी बाहेर आल्या तेव्हा वेल्डरची बायको कामावरून धावत आली होती. तिच्या डोक्यावर अजून कामावरची जाळीची टोपी होती. डॉक्टरांनी सुरुवात केली आणि मधेच मावशींनी पुढे होऊन उरलेलं सांगितलं. वीज गेली होती. फ्रीज तापला होता. मी बघितलं नाही. तुमच्या वायसरला दिलेला डोस बहुतेक खराब झालेला होता.

वेल्डरला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुम्ही त्याला पाणी टोचलंत."

"तसंच समजा."

"आणि मला तिथे सांगितलं की माझ्या बुटांनी आलं."

"बुटांनी आलं असेलही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आत शिरल्यावर त्याला अडवायचं काम आमचं होतं."

तो उभा राहिला. छोट्या खोलीत तो फारच मोठा दिसत होता. मावशी मागे सरकल्या नाहीत. मारलं तर मारलं, असं त्यांच्या मनात आलं. पण त्याने फक्त दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. "मला आत्ता तुमच्याशी काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "आधी त्याला वाचवा. मग बघू."

त्या सोमवारपासून आजपर्यंत अकरा पिल्लांना डोस दिले गेले होते. वायसर सोडला तर दहा. दुपारी मावशी फोन घेऊन बसल्या. डॉक्टर म्हणाल्या, मी करते. मावशींनी मान हलवली. प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, नवा माल वगैरे काही नाही. आमच्याकडून चूक झाली, डोस धरू नका, पिल्लाला घरातच ठेवा, अमक्या तारखेला घेऊन या. एकाने आईवरून शिवी दिली. एक आजोबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, मी आज त्याला बागेत नेणारच होतो," आणि आभार मानले. ते शिवीपेक्षा जास्त लागलं. एक बाई तीनतीनदा विचारत राहिली, "पण आत्ता तर तो खेळतोय, मग?" आठ फोन झाले. आठही पिल्लं धडधाकट होती. मावशींना वाटायला लागलं, की निभावलं.

नववा फोन एका बाईंनी उचलला. मावशींनी दवाखान्याचं नाव सांगितलं.

"आता कशाला फोन केलात?" बाई म्हणाल्या. "गेला तो. रविवारी."

"काय झालं होतं?"

"उलट्या, रक्त. एका दिवसात. तुमच्याकडे आणायलाही वेळ मिळाला नाही. आमच्या पोरीने काहीतरी खायला घातलं त्याला. सांगितलं होतं, आपलं खाणं द्यायचं नाही म्हणून. ऐकेल तर शप्पथ. तेव्हापासून रडतेय, जेवत नाही. मीसुद्धा फार बोलले तिला. हातही उगारला."

मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली. मग त्यांनी सगळं सांगितलं.

"बाई, ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"मुलीमुळे नाही झालं ते. खाण्याने असं होत नाही. तिला एवढं सांगाल?"

"मी?" बाईंचा आवाज चिरकला. "मी तिला इतकं बोललेय की माझ्यावर ती विश्वास ठेवायची नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही केलंय, तुम्ही सांगा." फोन कुणाच्या तरी हातात दिल्याचा आवाज झाला.

"हॅलो," एक बारीक आवाज म्हणाला.

"बाळा, मी कुत्र्यांच्या दवाखान्यातली मावशी बोलतेय. तुझ्या पिल्लाला सुई दिली तेव्हा मी त्याला धरलं होतं. आठवतंय?"

"हं."

"तू त्याला काय खायला दिलं होतंस?"

"एक बिस्किट. अर्धंच. अर्धं मी खाल्लं."

"बिस्किटाने काही होत नाही. त्याला एक आजार झाला होता. त्या आजारापासून वाचवणारं औषध आम्ही त्याला दिलं, पण ते औषध बिघडलेलं होतं. तुझं काही चुकलं नाही. कळलं?"

"मग कुणाचं चुकलं?"

मावशींनी भिंतीकडे बघितलं. "माझं," त्या म्हणाल्या. "बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

"मुद्दाम?"

"नाही गं. आळसाने."

पोरीने थोडा विचार केला असावा. मग ती फोनवर न बोलता दूर कुणाला तरी म्हणाली, "आई, त्या म्हणतायत बिस्किटाने नाही," आणि मग मोठ्याने रडायला लागली. फोन बंद झाला.

दहावा फोन करायच्या आधी मावशी न्हाणीघरात जाऊन आल्या. दहावं पिल्लू ठीक होतं.

शुक्रवारी दुपारी वायसरचं अंग गार पडायला लागलं. जुलाबात आता नुसतं रक्त होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद मावशींच्या हातात दिला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. "आजची संध्याकाळ काढली तर," डॉक्टर म्हणाल्या आणि सलाइनचा वेग वाढवायला वळल्या. मावशींनी बाटल्यांतलं पाणी दर अर्ध्या तासाने बदललं. हिरड्यांवर साखरेचं पाणी चोळलं. वेल्डर पिंजऱ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता, दोन बोटं जाळीतून आत घालून. मावशी आल्या की तो बाजूला सरकायचा, त्या गेल्या की परत तिथेच. त्यांच्याकडे बघायचा नाही. एकदा बाटली बदलताना त्यांचा हात भाजला, त्या "स्स" म्हणाल्या. त्याने खिशातून मळका रुमाल काढून पुढे केला, तोही दुसरीकडे बघत.

पाचच्या सुमाराला पिल्लाला झटका आला. चारही पाय ताठ झाले, मान मागे गेली. वेल्डर ओरडत उठला. डॉक्टर धावत आल्या. साखर उतरली होती. त्यांनी ग्लुकोज सरळ शिरेत दिलं आणि तिघंही घड्याळाकडे बघत उभे राहिले. अर्ध्या मिनिटाने पाय सैल झाले. मावशींना वाटलं, संपलं. त्यांनी छातीवर बोटं ठेवली. आत काहीतरी धडधडत होतं, बारीक आणि फार जोरात.

"आहे," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी उलटी झाली नाही. दुपारीही नाही. रविवारी वायसरने डोकं उचललं, मावशींनी बोटावर लावलेलं पातळ खाणं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तासाभराने परत हुंगलं आणि चाटलं. वेल्डरची बायको एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या दूधवाल्याने शटरखालून डोकावून बघितलं. नवऱ्याने तिला "गप" म्हटलं आणि स्वतःच डोळे पुसायला मागच्या दाराने बाहेर गेला.

त्याच दिवशी मावशींनी डॉक्टरांपुढे एक कागद ठेवला. नोकरी सोडत असल्याचा. डॉक्टरांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"निघून जाणं सोपं आहे, मावशी. मग उद्या सकाळी बटण कोण दाबणार? मी एकटी? मी तर सह्याच करत होते." त्यांचे डोळे सुजलेले होते, तीन रात्री त्या पिंजऱ्याशेजारी झोपल्या होत्या. "उद्यापासून दोघींनी बघायचं, दोघींनी लिहायचं. आणि वीज गेली की मी आधी खाली उतरणार, मग मेणबत्ती शोधणार."

मंगळवारी वायसर घरी जायला निघाला. हाडांचा सापळा झाला होता, पण चार पायांवर उभा होता. वेल्डरने त्याला उचललं. डॉक्टर पुढच्या डोसबद्दल सांगायला लागल्या तसं त्याने त्यांना हाताने थांबवलं.

"मॅडम, तुम्ही याला वाचवलंत. ते मी जन्मभर विसरणार नाही. पण डोस मी दुसरीकडे देईन. राग म्हणून नाही. इथे सुई टोचताना माझ्या मनात तेच येईल. दर वेळी."

"समजू शकते मी," डॉक्टर म्हणाल्या.

तो दारापर्यंत गेला आणि पहिल्यांदाच मावशींकडे सरळ बघितलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं ना?"

"नसतं कळलं."

"हं." त्याने पिल्लू दुसऱ्या हातावर घेतलं. शटर पूर्ण वर होतं, तरी सवयीने थोडा वाकून बाहेर पडला.

महिन्याभराने पलीकडच्या वस्तीतल्या एका दवाखान्यातून फोन आला. तिथली नर्स होती, आवाजावरून कोवळी वाटत होती. "तुमच्याकडचं एक पिल्लू आलंय. वायसर का काय नाव आहे. पुस्तिकेत पहिल्या डोसचं स्टिकर आहे. पण वर पेनाने काट मारलीय आणि काहीतरी लिहिलंय, नीट लागत नाही. पहिला झालाय असं धरू ना?"

"धरू नका," मावशी म्हणाल्या. "ती काट मीच मारलीय. वर लिहिलंय, 'लस खराब, ग्राह्य नाही.' पुढे सही आहे."

"अय्या. असं का?"

मावशींनी कारण सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणालाही सांगावं तसं. पलीकडची पोरगी ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्या फ्रीजलाही तसंच बटण आहे. ते कशाला असतं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मग आत्ता जा आणि दाबून बघ. मी थांबते."

पावलं दूर गेली. फोनमधून कुत्र्याच्या पिल्लाचं केकाटणं ऐकू आलं आणि वेल्डरचा आवाज, "अरे हळू, चप्पल सोड, ती मॅडमची आहे!" मावशी फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. बाकावर एक बाई टोपलीत मांजर घेऊन केव्हाची खोळंबली होती. मावशींनी तिला हाताने खूण केली, एक मिनिट.

"सहा," पलीकडून धापा टाकत आवाज आला. "जास्तीत जास्त सात. ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "द्या त्याला."